भित्रा आठवडा

१

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळच्या ओहोटीला, गुरुवारपासून न परतलेला फोल्कमार डील सापडला. हार्मेरहूग बेट आणि पक्ष्यांचा दांडा नावाची वाळूची पट्टी यांच्यामध्ये ओहोटीला उघडा पडणारा जो चिखल आहे, त्याच्या मधोमध एक खोल घळ जाते. भरतीचं पाणी आधी तिथेच शिरतं. त्या घळीच्या काठावर तो पालथा पडला होता. पाठीवरच्या पिशवीत धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सुपाचं पातेलं होतं. मनगटावरचं घड्याळ चालू होतं, आणि वेळही बरोबर दाखवत होतं.

बेटावर घरं नऊ. नऊ घरांत बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि मत बनायला तर त्याहून कमी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं, की फोल्कमार स्वतःच्या पायांनी पाण्यात गेला. माणूस मूळचा कासेलचा, डोंगराळ भागातला, पण लग्न करून आल्याला नऊ वर्षं झाली होती. स्वभावाने इतका जपून वागणारा, की चहासुद्धा फुंकून फुंकून गार करून प्यायचा. असा माणूस भरतीची वेळ चुकेल? आणि चुकणार तरी कसा? चिखलात उतरायच्या उतारावर दिव्यांची मोठी पाटी आहे. घळ किती वाजेपर्यंत ओलांडता येईल ते ती रोज दाखवते, लाल आकड्यांत, आंधळ्यालाही दिसावं असं.

जलपोलिसांची इंके लोरेंत्सेन ईस्टरच्या सोमवारी बोटीने आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, किनाऱ्यावरच जन्मलेली बाई. बोटीतून उतरली ती आधी पाटीकडे गेली. हातात सरकारी भरतीचं वेळापत्रक होतं. पाटीवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा तिने दोनदा ताडून पाहिला. मिनिटाचाही फरक नव्हता.

मग ती गेशेच्या स्वयंपाकघरात गेली. गेशे म्हणजे फोल्कमारची बायको. ती टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"गेशे, पाटी बरोबर आहे," इंके म्हणाली. "त्याचं घड्याळही बरोबर होतं. म्हणजे..."

"म्हणजे तो समजून-उमजून गेला," गेशेने वाक्य पुरं केलं. "मला ठाऊकच होतं गं."

"असं का म्हणतेस?"

"गुरुवारी सकाळी आमचं भांडण झालं. मला किनाऱ्यावर हुसुम शहरात जायचंय, लिफ्टवाल्या घरात. त्याला हे बेट सोडवेना. जन्मले मी इथे, आणि वेड लागलं त्याला!" गेशेने वर पाहिलं. "मी म्हटलं, तुला तो चिखलच प्यारा आहे ना, मग तिथेच जाऊन पड. अगदी हेच शब्द, इंके. आणि बघ, माझा नवरा माझं ऐकून गेला."

आपणच आत्ता, तोंडातल्या एका वाक्याने, या बाईच्या गळ्यात फास अडकवला, हे इंकेला कळलं. आणि घाई केली, असंही कुठेतरी वाटलं.

कारण ते पातेलं. जीव द्यायला निघालेला माणूस सुपाचं पातेलं घासून घरी आणतो का?

२

पातेलं होतं पालकाच्या सुपाचं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इकडे हिरवं खायची पद्धत. गेशेने ते आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं, आणि त्यातलं अर्धं फोल्कमार पक्ष्यांच्या दांड्यावर योर्नसाठी घेऊन गेला होता.

योर्न म्हणजे पक्षी मोजायला ठेवलेला लाइपझिगचा माणूस. खांबांवर उभारलेल्या लाकडी खोपट्यात एकटा राहतो. त्या गुरुवारी तो तापाने फणफणला होता. इंके मंगळवारच्या ओहोटीला चालत त्याच्याकडे गेली, तेव्हा तो पायरीवरच बसला होता, जणू शनिवारपासून तिची वाट पाहत.

"मला घेऊन जा," तो म्हणाला. "मीच मारलं त्याला."

"कशाने?"

"कॉफीने."

इंकेने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती.

"तो निघाला होता हो. मीच म्हटलं, बसा जरा, अजून एक कप घ्या. आठवडा-आठवडा माणूस दिसत नाही इथे. मी त्याला धरून ठेवलं. साडेदहाला निघाला तो. बाहेर हे धुकं. मी त्याच्या मागे बघितलंही नाही, तापात होतो, पडून राहिलो."

"साडेदहा?" इंके दचकली. "अरे, त्या दिवशी घळ साडेदहालाच भरायला लागली. तो तिथे पोचेपर्यंत अकरा वाजले असणार! तू त्याला अडवलं कसं नाहीस?"

"तोच म्हणाला ना, 'पोरा, घाई कसली? साडेअकरापर्यंत घळ ओलांडता येते, पाटी बघून आलोय.' म्हणून तर दुसरा कप घेतला त्याने!"

"साडेअकरा म्हणाला? नीट आठवून सांग, बाबा. ताप होता तुला."

"ताप होता, वेड नव्हतं लागलं. साडेअकराच. वर असंही म्हणाला, की घरी जाऊन जेवणाआधी गेशेचा रुसवा काढायचाय, त्यालाही वेळ लागेल."

इंके परत निघाली. चिखलात पाय रुतत होते आणि डोक्यात एक तास रुतून बसला होता. बरोब्बर एक तास. कमी नाही, जास्त नाही.

इकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळा देश आपली घड्याळं तासभर पुढे ढकलतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतो. यंदा तो मार्चचा रविवार नेमका ईस्टरलाच आला होता. आता फोल्कमारने घोळ घातला असेल, घड्याळ आधीच पुढे केलं असेल, असं कुणी म्हणेल. पण घड्याळ तर बरोबर होतं. आणि पुढे केलेलं असतं, तर तो तासभर लवकर घरी आला असता, उशिरा नाही.

म्हणजे तो तास पाटीत होता. आणि पाटी तर तिने स्वतः तपासली होती.

३

बेटाचा सरपंच मोम्मे, आणि बेटावरची एकमेव खानावळही त्याचीच. पाहुण्यांना आलुबुखाराच्या मुरंब्याचा केक आणि रमचा चहा विकायचा, आणि मधल्या वेळात बेट चालवायचं, असा त्याचा संसार. इंके आली तसा त्याने न विचारताच चहा पुढे ठेवला. रम जरा सढळ हाताने घातलेली होती.

"हे बघ इंके, झालं ते वाईट झालं. 'अपघात' असं लिही आणि मोकळी हो. गेशेला उगाच कशाला कोळसा उगाळत बसायला लावायचं?"

"मोम्मे, ती पाटी कधी चुकते का?"

"छे! तीन वर्षं झाली बसवून. वसंतात एकदाही चुकलेली नाही."

इंकेने कप खाली ठेवला.

"मी वसंताचं विचारलं नव्हतं."

मोम्मेने जीभ चावली. खिडकीबाहेर बघितलं, फडकं घेतलं, स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं. एवढ्या धिप्पाड माणसाचे कान लाल झालेले पाहणं हे काही फार सुखाचं नसतं.

"मोम्मे!"

"अगं, ते काही नाही. शरदात एक आठवडा जरा घाबरल्यासारखं करते."

"घाबरल्यासारखं म्हणजे?"

"ऑक्टोबरच्या शेवटी. तासभर आधीची वेळ दाखवते. घळ साडेचारपर्यंत मोकळी असली तर ही म्हणते साडेतीन. पाहुणे धावत-पळत परत येतात आणि बघतात तर काय, पाण्याचा पत्ता नाही! मग मला शिव्या. आम्ही त्याला भित्रा आठवडा म्हणतो. तिन्ही वर्षं झालं तसं. आम्हाला काय फरक पडतो? आम्ही कुठे पाटी बघतो? आम्ही समुद्र बघतो."

"आणि ज्याने ती बनवली त्याला सांगितलं नाही?"

"जिने," मोम्मे म्हणाला. "आपल्या लेव्केने बनवलीय ती. किएलला शिकून आली आणि बेटाला फुकट करून दिली. त्याच हिवाळ्यात तिचे वडील गेले. पाटी लावताना पोरगी इतकी आनंदात होती... तिला कसं सांगायचं, बाई, की तुझं यंत्र चुकतंय? आणि लवकर परत आल्याने कुणी मेलंय का कधी?"

हे वाक्य इंकेने आधी ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून, ते आठवायला क्षणभर लागला.

स्वतःच्या तोंडून. गेल्या ऑक्टोबरात चौकीवर एका पाहुण्याचा फोन आला होता. तावातावाने सांगत होता, की हार्मेरहूगची पाटी तासभर चुकते, आमची सगळी सहल फुकट गेली, तुम्ही जरा बघा. इंके तेव्हा पाव खात होती. "साहेब," ती म्हणाली होती, "लवकर घरी आल्याने आजवर कुणी मेलेलं नाही." शेजारचे दोघे फिदीफिदी हसले होते. तिला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुकही वाटलं होतं.

तिने तो चहा तसाच टेबलावर सोडला.

४

लेव्के बुधवारच्या बोटीने आली. काटकुळी पोर, डोळे सुजलेले, काखेत संगणक. मोम्मेच्या खानावळीत बसली तीच मुळी गुन्हेगारासारखी, खुर्चीच्या कडेवर.

"माझंच चुकलंय," ती म्हणाली. "पण कुठे ते सापडत नाही हो! शनिवारपासून तो प्रोग्राम वाचतेय. आजची तारीख घालून बघितली, बरोबर. मागचे तिन्ही वसंत घालून बघितले, बरोबर. प्रत्येक वेळी रविवारी पहाटे बरोबर तास पुढे जातो. त्या गुरुवारची तारीख घालायला मात्र बोटं धजावत नाहीत."

"पोरी, मला अडाण्याला समजेल असं सांग. तास पुढे जातो म्हणजे काय?"

"समुद्राला सरकारचा हुकूम लागू नाही ना. त्याला उन्हाळी वेळ माहीत नाही. म्हणून प्रोग्राम भरतीची वेळ कायम हिवाळी घड्याळाने काढतो. मग आजची तारीख बघतो. उन्हाळी वेळ लागलेली असेल तर त्यात एक तास मिळवायचा, नसेल तर नाही. बस्स."

"म्हणजे उन्हाळी वेळ लागायच्या आधीच त्याने तास मिळवला तर?"

"तर पाटी तासभर उशिराची वेळ..." लेव्के थांबली. "पण तसं होत नाही. तीन वर्षं नाही झालं."

"आणि शरदात हिवाळी वेळ लागायच्या आधीच मिळवायचं थांबवलं तर?"

"तर तासभर लवकरची दाखवेल. पण ते तरी कुठे होतं?"

इंकेने मोम्मेकडे पाहिलं. मोम्मेने फडक्याकडे पाहिलं.

"बोल की आता, सरपंच," इंके म्हणाली. "पोरीचं मन राखायला तीन वर्षं गप्प बसलात. आता तरी तोंड उघड."

मोम्मेने सांगितलं. भित्रा आठवडा, पाहुण्यांच्या शिव्या, सगळं. लेव्के ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मोम्मेकाका, सगळ्यांना माहीत होतं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून गं, बाळा."

इंके उठली. खानावळीच्या भिंतीवर पक्षीमित्रांनी वाटलेली मागच्या काही वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली होती. चित्रं चांगली असतात म्हणून मोम्मे ती काढत नाही. रात्रभर तिला एकच प्रश्न छळत होता. एकच यंत्र, एकच नियम. मग तीन शरद चुकले आणि तीन वसंत कसे बरोबर आले? यंत्राला काही ऋतू आवडता-नावडता नसतो. तेव्हा फरक यंत्रात नसणार, महिन्यांतच असणार.

तिने पानं उलटली. बोटाने रविवार मोजले.

"मागच्या वर्षीचा मार्च. रविवार चार. त्याआधीचा, चार. त्याआधीचा, चार. आता ऑक्टोबर बघा. पाच. पाच. आणि हा, पाच." मग तिने यंदाचं कॅलेंडर ओढलं, ज्यात ईस्टर महिन्याच्या अगदी शेवटच्या तारखेला येऊन बसला होता. "आणि हा मार्च. पाच. लेव्के, तू त्याला कोणता रविवार शोधायला सांगितलंयस? शेवटचा, की चौथा?"

लेव्केने संगणक उघडायचीही तसदी घेतली नाही.

"चौथा," ती म्हणाली. "पहिला रविवार शोध आणि तीन आठवडे मिळव. फेब्रुवारीत लिहिलं होतं ना. समोर त्या वर्षीचा मार्च होता. त्यात चौथा तोच शेवटचा होता. बाबांच्या दफनानंतरचा आठवडा होता तो. मी ऑक्टोबरचं पान उलटून बघितलंच नाही. वरचीच ओळ खाली उतरवली."

बोलता बोलता तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुढचं इंकेलाच बोलावं लागलं.

"म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी पाटी एकटीच उन्हाळ्यात गेली. देश अजून हिवाळ्यात होता. तो पूर्ण आठवडा ती प्रत्येकाला एक तास जास्त देत राहिली, जो समुद्राकडे नव्हता. आणि ईस्टरच्या दिवशी देश तिच्या बरोबरीला आला. सोमवारी मी तपासायला आले तेव्हा चोर साधू होऊन बसला होता."

"त्या आठवड्यात दुसरं कुणीच नाही गेलं?" मोम्मेने हळूच विचारलं.

"तूच सांग. पाहुणे कधी आले तुझे?"

"शुक्रवारी. पण धुकं होतं. मी कुणाला उतरू दिलं नाही."

मोम्मेने फडकं खाली ठेवलं. मग लेव्केकडे सरकून म्हणाला, "इंके, हे कागदावर घालू नकोस. पोरीचं आयुष्य उभं आहे पुढे. तिला सांगितलं असतं कुणी, तर तिने पाच मिनिटांत दुरुस्त केलं असतं. आम्ही नाही सांगितलं. माझं नाव घाल."

"तुझं घालतेच आहे," इंके म्हणाली. "माझंही घालतेय."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं, पण तिने खुलासा केला नाही. तो आधी दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा होता.

५

गेशे अजून त्याच खुर्चीत होती. कुणीतरी आणलेला केक झाकून तसाच पडला होता. इंके समोर बसली आणि सगळं सांगून टाकलं, रविवारांचं, पाटीचं, योर्नच्या कॉफीचं. शेवटी फोनचंही सांगितलं. आपण तेव्हा पाव खात होतो, हेही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर सांगणं खोटं ठरलं असतं.

"मला कळलं असतं, गेशे. तो माणूस मला सांगत होता. मी विनोद केला. आणि परवा तुझ्याच टेबलाशी बसून मी म्हटलं, पाटी बरोबर आहे. तुझा नवरा जाणूनबुजून गेला, हे तुला माझ्या त्या वाक्याने पटलं. मी चूक होते. दोन्ही वेळा."

गेशेने झाकलेला केक बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे तो परत येत होता."

"हो."

"घरी."

"हो. जेवणाआधी तुझा रुसवा काढायचाय, असं म्हणाला होता योर्नला."

आता गेशेला रडू येईल असं इंकेला वाटलं, पण आलं नाही.

"तुला एक सांगू?" गेशे म्हणाली. "तो ती पाटी कधीच बघायचा नाही. पाटी पाहुण्यांसाठी. तो मला विचारायचा. नऊ वर्षं, चिखलात उतरायच्या आधी, बूट घालता घालता. 'गेशे, किती वाजेपर्यंत?' मी खिडकीतून बघायची आणि सांगायची. मला न विचारता एकदाही गेला नाही तो." ती थांबली. "त्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून खिडक्या पुसत होते. दारात उभा होता तो. बूट घालायला वेळ लावत होता. मला कळत होतं, हा विचारणार आहे. मी वळले नाही. मग तो गेला, आणि खाली जाऊन त्याने पाटी वाचली."

इंकेचा हात टेबलावरून पुढे सरकला आणि अर्ध्यावरच थांबला. धीर द्यायचा तरी कुठल्या तोंडाने?

"गेशे, तुझ्यामुळे नाही झालं ते. पाटी चुकली. मोम्मे गप्प बसला. मी..."

"तुझं तू तुझ्याकडे ठेव, बाई," गेशे म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मोम्मेने मोम्मेचं ठेवावं. त्या पोरीला सांग, तिच्यावर माझा राग नाही. पण कुणी माझ्याकडे वाटणी मागायला येऊ नका. माझं मला पुरेसं आहे."

इंकेने मान हलवली. क्षमा मिळेल या आशेने आपण आलो होतो, हे तिला आत्ता कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. ती उठली, टोपी घेतली, दारापर्यंत गेली.

"इंके."

"हं?"

"तो परत येत होता, हे नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"नक्की. घळीच्या पलीकडच्या काठावर सापडला तो. तोंड घराकडे होतं."

"पुन्हा सांग."

इंके परत आली, टोपी टेबलावर ठेवून तिच्या समोर बसली.

"तो घरी परत येत होता, गेशे."

आता गेशे रडायला लागली. इंके जागची हलली नाही. मध्येच गेशे थांबायची, श्वास घ्यायची आणि म्हणायची, पुन्हा सांग. आणि इंके पुन्हा सांगायची.